‘खारा वारा’ची शेवटची चार मिनिटं

अल सद्द, दोहा
३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार कागदावरच. समोर असते तर म्हणाली असतीस, “नीट वाक, कंबर मोडली नाहीये तुझी.”

व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी कळवलेलं तुला चालत नाही, म्हणून सलग पत्र मेलने पाठवतेय. आधी बस. चष्मा लाव. तेइजी अमानुमा दोह्याला येतायत! तुझे अमानुमा, ज्यांच्यावर तू बारा वर्षं पुस्तक लिहितेयस ते. आणि त्यांची दुभाषी कोण असणार, सांग? मी!

इथे सिनेसंगीताचा एक महोत्सव आहे. ‘खारा वारा’ मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि त्याचं संगीत पडद्याखाली बसलेल्या ऑर्केस्ट्राने तिथल्या तिथे वाजवायचं, असा कार्यक्रम. कंडक्टर अमानुमा स्वतः. ठरलेला दुभाषी आजारी पडला आणि तुझ्या जावयाच्या, श्रेयसच्या ऑफिसातल्या जपानी साहेबांनी माझं नाव सुचवलं. त्यांच्या बायकांबरोबर मी दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते ना, तेवढ्यावर.

आत्या, माझी बोबडी वळलीय. तू शिकवलेलं जपानी गंजलं, उरलं ते दवाखान्यातलं. “कुठे दुखतं?” आणि “रिकाम्या पोटी घ्या.” एवढ्या मोठ्या संगीतकाराला मी काय विचारू, कुठे दुखतं म्हणून? ओवीला सांगितलं तर म्हणते, “मम्मा, जस्ट यूज ॲन ॲप.” तेराव्या वर्षी सगळी उत्तरं तयार असतात.

लवकर लिही. काय बोलू, काय बोलू नको, सगळं.

तुझी,
अंतरा


पुणे
४ नोव्हेंबर

चि. अंतरा,

आशीर्वाद नेहमीचेच, आज मूठभर जास्त.

तुझं पत्र वाचून मी कामवाल्या हौसाबाईंना दोनदा पगार दिला. त्या भल्या म्हणून परत केला. ज्या माणसाला मी आयुष्यात एकदाही भेटले नाही, ज्याच्यावाचून माझा एक दिवस गेला नाही, त्याच्या शेजारी माझी भाची बसणार! माझा विश्वासच बसत नाहीये.

आता ऐक आणि पाठ कर. त्याचे वडील बंदरावर दोर वळायचे. तो शाळेतल्या पायपेटीवर शिकला. स्टुडिओत लागला तो दुसऱ्यांच्या संगीताच्या नकला उतरून काढायला. मग कितीतरी वर्षं उरलंसुरलं काम: पाठलागाचे प्रसंग, सोया सॉसच्या जाहिराती. नाव कुठेच नाही. आणि मग त्र्याऐंशी साली ‘खारा वारा’.

मी तेव्हा ओसाकाला शिष्यवृत्तीवर होते. स्टेशनजवळच्या लहानशा थिएटरात पाहिला. एक कोळीण, नवरा नाही, एकुलता मुलगा होडीवर जातो. वादळ होतं. होडी परत येते, मुलगा येत नाही. शेवटच्या प्रसंगात ती वाळूत बसून मासळीला मीठ लावत राहते. कॅमेरा बाजूने, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. ओठ थरथरतात, शब्द फुटत नाही. चार मिनिटं! आणि संगीत नाही. नुसत्या लाटा. सिनेमाभर वाजवणारा माणूस नेमका तिथे हात मागे घेतो. केवढी ही हिंमत! मी खुर्चीला खिळून बसले होते. झाडूवाल्याने उठवलं.

त्या चार मिनिटांनी त्याचं आयुष्य पालटलं. बक्षिसं मिळाली, मोठे दिग्दर्शक दारात आले, आणि प्रत्येक सिनेमात त्याचं संगीत कमी कमी होत गेलं. एकात तर नुसती एक बासरी. जग त्याला ‘मौनाचा संगीतकार’ म्हणतं. माझ्या पुस्तकाचं नाव तेच आहे. कव्हरं छापून झालीत, शेवटचं प्रूफ टेबलावर आहे.

त्याला माझ्या वतीने एकच विचार: तिथे थांबायचं तुम्हाला सुचलं कसं? ते उत्तर शेवटच्या पानावर घालते आणि पुस्तक छपाईला सोडते.

आणि बाई गं, नमस्कार करताना नीट वाक.

आत्या


अल सद्द
१२ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझा प्रश्न विचारला. विचारला नसता तर बरं झालं असतं.

कालची गोष्ट. त्यांना समुद्र बघायचा होता. आयोजकांनी द पर्ल या भराव घालून केलेल्या बेटावर नेलं, तर तिथल्या यॉट बघून म्हणाले, “हा समुद्र नको, याला इस्त्री केलीय.” मग कमालभाई, म्हणजे महोत्सवाची गाडी चालवणारे आपले रत्नागिरीचे, म्हणाले, “मॅडम, समैस्माला नेतो ना आजोबांना. थयचा दर्या जरा गावासारखा हाय.”

तिथे अमानुमा-सान बूट काढून वाळूत बसले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण मांडी घालतात. मी केलेलं थालीपीठ खाल्लं, दुसरं मागून घेतलं. मला वाटलं, आता विचारावं. विचारलं.

ते हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, “मी थांबलो नव्हतो. तिथे संगीत होतं.”

मला वाटलं माझी काहीतरी चूक होतेय. पुन्हा विचारलं. तर त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. सिनेमा पुरा व्हायच्या आधी निवडक समीक्षकांसाठी एक खासगी खेळ होता. संवाद, लाटा, संगीत हे आवाज अजून एकाच फितीवर उतरलेले नव्हते. संगीताची टेप वेगळी चालवायची आणि त्या त्या जागी एका माणसाने नॉब फिरवून तिचा आवाज वर आणायचा. शेवटच्या प्रसंगात तो माणूस पडद्यावरच्या बाईकडे बघत राहिला, डोळे भरून आले त्याचे, आणि नॉब फिरवायचंच विसरला. टेप फिरत राहिली, आवाज बंद. आत्या, आवाज बंद होता!

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘जपानी सिनेमातलं सर्वांत धाडसी मौन.’ दिग्दर्शक म्हणाला, आता याला कुणी हात लावायचा नाही. अमानुमा-सान स्टुडिओत एक कपबशी फोडून घरी गेले. मग बक्षीस मिळालं. मग घर झालं. ती टेप स्टुडिओने पुसून दुसऱ्या कामाला वापरली, तशी तेव्हा पद्धतच होती म्हणे.

“माझी सगळी कारकीर्द एका न फिरवलेल्या नॉबवर उभी आहे, अंतरा-सान. लोकांना माझं मौन आवडलं, म्हणून मी जन्मभर मौन विकलं. मला तर वाजवायला आवडतं.”

माझ्या हातातला डबा वाळूत पडला. कमालभाई धावत आले, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

आणि अजून आहे. ते संगीत त्यांना पाठ आहे. त्यांनी ते नव्याने लिहून आणलंय आणि इथे, वीस तारखेला, त्या चार मिनिटांत वाजवणार आहेत. जगात पहिल्यांदा. आयोजकांना अजून पत्ता नाही. त्यांच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात ‘चार मिनिटांची शांतता अनुभवा’ असं आहे. सिनेमाच्या आधी ते स्टेजवरून सगळं सांगणार आणि इंग्लिशमधून ते मी सांगायचं.

आत्या, मी काय करू?

अंतरा


पुणे
१३ नोव्हेंबर

अंतरा,

खोटं आहे. साफ खोटं.

तुझं जपानी दवाखान्यातलं आहे, हे तूच लिहिलंयस. तो काहीतरी वेगळं म्हणाला असणार. आणि म्हणाला असलाच, तर म्हाताऱ्या माणसांना कधी कधी आपल्याच देवळाचा कळस उतरवायची लहर येते. आपण हसून सोडून द्यायचं असतं.

तुला कळतंय का, तू काय लिहिलंयस? तीस वर्षं मी वर्गात प्रत्येक तुकडीला तो प्रसंग दाखवत आले. “बघा, ही बाई रडत नाही, बोलत नाही, आणि संगीतकारसुद्धा तिच्या दुःखात लुडबुड करत नाही. याला म्हणतात जपान.” मुलं मान डोलवायची. आणि आता मी त्यांना काय सांगू, की नॉबवाला विसरला होता?

माझं अख्खं पुस्तक त्या चार मिनिटांवर उभं आहे. पहिलं वाक्य तिथून सुरू होतं आणि शेवटचं तिथे संपतं. मधली तीनशे पानं मी कशाला लिहिली मग?

त्याला बोलू देऊ नकोस. बोललाच तर ते वाक्य गाळ. दुभाष्याच्या हातात तेवढं असतं, मी सुद्धा व्यापारी मंडळींच्या बैठकीत कितीतरी शिव्या गाळल्यात. दोह्यात जपानी समजणारे असे कितीसे असणार, आणि तेही गॅस कंपन्यांतले. संगीताचं त्यांना काय!

आत्या


अल सद्द
१७ नोव्हेंबर

ती. आत्या,

रागावू नकोस, पण त्यांना लहर-बिहर काही आलेली नाही. रोज तालमीला मी त्यांच्या शेजारी उभी असते. तिसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला एक सूर चुकला तर हे पाठ फिरवलेली असताना त्याचं नाव घेतात.

ती चार मिनिटं चेलोवर आहेत. एक ठेंगणी पोलिश बाई वाजवते. सूर साधा आहे, पण हे तिला सारखं अडवतात. “इथे श्वास घ्या. इथे नाही, इथे.” आणि त्या जागा इतक्या विचित्र, मधेच, सूर पुरा व्हायच्या आधी. काल ती वैतागून म्हणाली, “चेलोला कशाला श्वास लागतो?” मी भाषांतर केलं. ते नुसते म्हणाले, “लागतो.”

आणखी एक गोष्ट. ती कोळीण झालेली नटी, हिसाए ओतोबे, दोन वर्षांपूर्वी वारली. त्या सिनेमानंतर ती यांच्याशी जन्मात बोलली नाही म्हणे. बक्षीस समारंभात शेजारी खुर्ची होती तरी नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, “तिचं बरोबर होतं. ती असताना मी तोंड उघडायला हवं होतं. तेव्हा भ्यायलो.” मग रुमालाने चष्मा पुसत बसले. आत्या, मला वाटतं दोघांचं काहीतरी असणार. तुला काय वाटतं?

आयोजकांना काल सांगितलं. आधी ते पांढरे पडले, मग म्हणाले, ही तर बातमी आहे, छानच! पोस्टर बदलायला वेळ नाही, म्हणून तसंच राहणार.

राहिलं गाळायचं. तू म्हणतेस तसं एक वाक्य गाळणं सोपं आहे गं, पण त्या माणसाने चाळीस वर्षं ते वाक्य गाळलंय. मला अजून ठरवता येत नाहीये. झोप उडालीय माझी.

अंतरा


पुणे
१८ नोव्हेंबर

अंतरा,

प्रेसवाल्या निवृत्ती पवारांचा फोन आला होता, “बाई, मशीन रिकामं आहे, काय करू?” मी म्हटलं, छापा. आहे तसं छापा. गुरुवारी रात्री तुमच्याकडे काय व्हायचं ते होवो, इथे शनिवारी पहिल्या सोळा पानांचा फर्मा निघेल.

नटीचं काय घेऊन बसलीस! दोघांचं काही नव्हतं. माझ्या सातव्या प्रकरणात आहे: ओतोबेबाई मूळच्या गायिका, त्यांना त्याचं संगीत पसंत नव्हतं, म्हणून अबोला. मुलाखतीत विचारलं की विषय बदलायच्या.

तुला काय करायचं ते कर. तू लहान नाहीस आणि मी काही तिथे येऊन तुझ्या तोंडावर हात ठेवणार नाही.

आत्या


अल सद्द
२१ नोव्हेंबर

ती. आत्या,

मी गाळलं नाही. सगळं सांगितलं, नॉब, कपबशी, घर, सगळं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात धरला तो शेवटपर्यंत तसाच होता. प्रत्येक वाक्याला तुझी आठवण येत होती.

मग सिनेमा सुरू झाला. मी ओवीशेजारी येऊन बसले. वाजवलं काय सुंदर! वादळाच्या प्रसंगात ओवीनेसुद्धा फोन खाली ठेवला. आणि शेवटी ती कोळीण वाळूत येऊन बसली, सुरी घेतली, चेलो सुरू झाला.

आणि लोक उठले.

खरंच सांगते आत्या, लोक उठले! शेवटाला संगीत सुरू झालं म्हणजे सिनेमा संपला, ही जगभरच्या पायांना सवय. गुरुवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी इथली सुट्टी, पार्किंगला ही गर्दी. आधी मागच्या रांगा, मग मधल्या. सगळं आधी सांगून ठेवलं होतं, तरीही! मोबाइलचे दिवे लागले, किल्ल्या वाजल्या, कुणी कुणाला जेवायला कुठे जायचं विचारत होतं. पडद्यावर ती बाई अजून बसलेली, आणि माझ्यासमोर नुसत्या पाठी. पडदा दिसेना. मी उभी राहून हातवारे करत होते, बसा, बसा, संपलेलं नाही! दारातून कमालभाई वाकून विचारतात, “मॅडम, खलास झाला काय पिच्चर? गाडी पुढं घेऊ?” मला रडू फुटलं. ओवीने मात्र हात उंच करून फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. म्हणाली, “फॉर आत्याआजी.”

त्यांना काहीच कळलं नव्हतं, कारण पाठ आमच्याकडे. पण ते वादकांकडेही बघत नव्हते. मान वर, डोळे पडद्यावर, आणि ओठ हलत होते. संपल्यावर वळले तर अर्धं सभागृह रिकामं. मला वाटलं आता हा माणूस इथेच कोसळणार. चाळीस वर्षं वाट बघून हे! ते मात्र शांतपणे वाकले, रिकाम्या खुर्च्यांना सुद्धा.

मागे जाऊन मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, “मला एकाच माणसाबरोबर वेळेवर यायचं होतं. आज आलो.” मला वाटतं, ‘खारा वारा’च्या दिवंगत दिग्दर्शकाबद्दल म्हणाले असावेत.

तुला आनंद होईल की राग येईल, मला माहीत नाही. शांतताच बरी होती, हे लोकांनी पायांनीच सांगितलं म्हणायचं. ओवीचं रेकॉर्डिंग सोबत आहे. त्यात पाठीच दिसतात, पण आवाज स्वच्छ आहे. अमानुमा-सान उद्या संध्याकाळच्या विमानाने परत जातात.

अंतरा


पुणे
२२ नोव्हेंबर, सकाळी

अंतरा, बाळ,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या त्याच्या हॉटेलवर जा. बाकी सगळं नंतर.

काल तुझं पत्र वाचून मी आधी जिंकल्यासारखी हसले. बघ, म्हटलं नव्हतं? लोक उठून गेले! मौनच खरं! आज सकाळी चहा घेऊन बसले आणि म्हटलं, पुराव्यानिशी सिद्ध करूया, हे संगीत तिथे कसं बेंगरूळ वाटतं ते. कॉम्प्युटरवर सिनेमा लावला, फोनवर ओवीचं रेकॉर्डिंग. दोन्ही जुळेनात. मागेपुढे करत बसले. मग लक्षात आलं, ती सुरी उचलते तिथे चेलो सुरू होतो. तिथून लावलं.

अंतरा, तिचे ओठ थरथरत नाहीयेत.

चेलोचा सूर निघतो तेव्हा तिचं तोंड उघडतं. सूर लांबतो तेवढा वेळ उघडं राहतं. आणि चेलो जिथे मधेच श्वास घेतो, त्या तुझ्या विचित्र जागा, तिथे तिची छाती भरून येते आणि खांदे वर जातात. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा कपातला चहा प्रुफांवर सांडला, पुसलासुद्धा नाही. मी दोन्ही हातांनी टेबल धरून बसले होते.

ती गातेय. अंगाई गातेय, समुद्राकडे तोंड करून. वाऱ्याने केस जरा बाजूला जातात तेव्हा एक शब्द ओठांवरून वाचता येतो. बाळाला निजवताना जपानी बायका म्हणतात तो. मी तो शब्द पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

किनाऱ्यावर लाटांपुढे आवाज कुठला रेकॉर्ड व्हायला? ती गाणं नंतर स्टुडिओत गायली असणार आणि ते संगीताच्याच टेपवर असणार. म्हणजे नॉब फिरवला नाही तेव्हा नुसतं त्याचं संगीत गेलं नाही. तिचा गळा गेला. गायिका होती ती! जन्मातलं एक मोठं गाणं गायली आणि जगाने तिला बक्षीस दिलं ते कशाचं, तर न बोलल्याचं. आणि याने ते शेजारी बसून ऐकून घेतलं. म्हणून ती बोलली नाही त्याच्याशी. ‘संगीत पसंत नव्हतं’ असं मी लिहिलंय सातव्या प्रकरणात.

स्टेजवरही त्याने अर्धंच सांगितलं. तिचं गाणं तो परत आणणार कुठून? टेप पुसलेली, ती गेलेली. म्हणून चेलो. म्हणून ते श्वास. वादकांकडे बघत नव्हता म्हणालीस ना? कसा बघेल? तो ऑर्केस्ट्रा चालवत नव्हता गं. तो तिला साथ करत होता. लोक उठले, दिवे लागले, किल्ल्या वाजल्या, त्याला काय त्याचं! गाणारी समोर बसली होती. एकाच माणसाबरोबर वेळेवर यायचं होतं त्याला, आणि तुला वाटलं दिग्दर्शक.

निवृत्ती पवारांना फोन केला. पहिला फर्मा मशीनवर चढत होता. म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, बाई, कव्हरं छापून झालीत. म्हटलं, रद्दीत घाला, वजनावर जातील. ‘मौनाचा संगीतकार’ खलास, तुमच्या दोह्याच्या भाषेत. पुस्तक मी पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहिणार आहे. बहात्तराव्या वर्षी बारा वर्षांचा वायदा करत नाही, पण बसते.

आता तू जा. त्याला माझा नवा प्रश्न विचार. तुझ्या जपानीची मी चेष्टा केली, ती मागे घेते, कारण मला विचारायचंय तेवढं तुला नक्की येतं. त्याच्यासमोर नीट वाकून बस आणि विचार, अमानुमा-सान, कुठे दुखतं? आणि त्याने तो शब्द म्हटला, तो अंगाईतला, तर गाळू नकोस, मला जसाच्या तसा लिहून पाठव.

तीस वर्षं मी वर्गात उभी राहून सांगत होते, बघा, ही बाई एक शब्द बोलत नाही. आणि माझ्या पाठीमागे पडद्यावर ती गात होती.

आत्या